हौशी ऑफ-रोड मोटारशर्यतींतील टायरचे बिघाड

कच्चा रस्ता, नांगरलेले शेत, वाळू, चिखल किंवा खडकाळ माळ अशा जमिनीवर होणाऱ्या हौशी मोटारशर्यतींत गाडी अडकवणाऱ्या कारणांत टायर अगदी वरच्या क्रमांकावर असतो. साधे पंक्चर, साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) फाटणे, रिम चेपणे आणि टायरची कड रिमवरून सुटणे हे बिघाडाचे नेहमीचे प्रकार. व्यावसायिक संघांकडे टायरचा स्वतंत्र तंत्रज्ञ आणि रचून ठेवलेली चाके असतात. हौशी स्पर्धकाजवळ एक-दोन स्टेपन्या, सिगारेट लायटरच्या खोबणीवर चालणारा छोटा कॉम्प्रेसर, पंक्चर किट आणि हौसेने आलेला एखादा मित्र, एवढाच सरंजाम असतो. पुष्कळदा त्याच गाडीने संध्याकाळी घरीही जायचे असते. म्हणून टायरविषयीचे बहुतेक निर्णय झेंडा पडण्याआधीच घेऊन टाकावे लागतात आणि त्यांतला पहिला निर्णय हवेचा.

बीड सुटणे

ट्यूबलेस टायरच्या आतल्या कडेत पोलादी तारांचे कडे असते. त्याला बीड म्हणतात. रिमच्या कडेलगतच्या किंचित उतरत्या पट्टीवर ते घट्ट बसते. त्याला तिथे धरून ठेवणारे मुख्य घटक दोन: आतून दाबणारी हवा आणि रबर व धातू यांच्यातले घर्षण. बीड आत सरकू नये म्हणून रिमवर एक बारीक उंचवटाही असतो. डांबरी रस्त्यावर एवढे पुरते. मातीत मात्र गाडी वळणावर आडवी घसरते, टायर बाजूला ओढला जातो आणि त्याच वेळी साइडवॉल आधीच्या गाड्यांनी पाडलेल्या चाकोरीच्या काठावर आपटते. कड जरा उचलली गेली की फटीत माती, खडी नाहीतर गवताचा पुंजका घुसतो आणि बीडला परत बसू देत नाही. पंक्चरमध्ये हवा हळूहळू जाते, इथे ती एका श्वासात जाते. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांमध्ये वळणाच्या बाहेरचे पुढचे चाक याला सर्वांत आधी बळी पडते, कारण वजन, वळण आणि इंजिनाची ओढ असे तिन्ही भार त्या एकाच चाकावर येतात.

अमेरिकेतल्या स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका (स्थापना १९४४) या संस्थेच्या रॅलीक्रॉस स्पर्धा हे या बिघाडाचे हक्काचे मैदान. युरोपातल्या रॅलीक्रॉसमध्ये गाड्या एकमेकींना खेटून पळतात. इथे मोकळ्या मैदानावर शंकू मांडून मार्ग आखतात आणि एका वेळी एकच गाडी धावते आणि तिची वेळ मोजतात. स्पर्धक बहुतेक रोजच्या वापरातल्या जुन्या गाड्या घेऊन येतात. शंकू पाडला तर २ सेकंदांचा दंड, फाटक (दोन शंकूंमधली वाट) चुकले तर १० सेकंदांचा. टायरच्या दृष्टीने खरे महत्त्व गुण मोजण्याच्या पद्धतीला आहे. डांबरावरच्या ऑटोक्रॉसमध्ये सर्वांत चांगली एक फेरी धरतात, रॅलीक्रॉसमध्ये दिवसभरातल्या सगळ्या फेऱ्यांच्या वेळा एकत्र करतात. ऑटोक्रॉसवाला एक फेरी वाया घालवून पुन्हा नशीब आजमावू शकतो. रॅलीक्रॉसवाल्याची एका फेरीत बीड सुटली तर तो फटका दिवसाच्या बेरजेत कायमचा बसतो, आणि स्वतःच्या गाडीत बिघाड झाला म्हणून कोणी फेरी पुन्हा देत नाही.

म्हणूनच रॅलीक्रॉसमध्ये हवेबाबतचा व्यवहार नवख्याला उलटा वाटतो. मातीत पकड हवी तर हवा कमी करावी, असे सगळ्यांनी ऐकलेले असते. पण रस्त्यावर ३० ते ३५ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा भरणारे अनेक अनुभवी स्पर्धक इथे ४० किंवा त्याहून थोडी जास्त ठेवतात, अर्थात साइडवॉलवर छापलेल्या कमाल मर्यादेच्या आत. थोडी पकड जाते, पण बीड जागेवर राहते. मैदान जसजसे उखडत जाते आणि चाकोऱ्या खोल होतात, तसतशी दुपारच्या फेऱ्यांना हवा आणखी वाढवणारेही असतात. दुसरा उपाय लहान रिमचा. १७ इंची रिमऐवजी १५ इंची रिम आणि उंच साइडवॉलचा टायर घातला की दगड आणि धातू यांच्यामध्ये जास्त रबर येते. मोठ्या चकचकीत अलॉय रिमवर पैसे उधळून कच्च्या मैदानात उतरणाऱ्याचे हात पहिल्याच चाकोरीत पोळतात. साधी पोलादी रिम चेपली तर हातोड्याने ठोकून निदान हवा धरण्याइतकी सरळ होते, अलॉय तडकली की संपली.

हवा कमी करण्याची बाजू

वाळू, चिखल आणि खडक यांत मात्र जुना नियम खरा ठरतो. हवा काढली की टायर जमिनीला टेकलेली जागा लांब होते, वजन पसरते आणि चाक रुतण्याऐवजी वर तरंगते. वाळूत फोर-बाय-फोर गाड्या सहसा १५ ते १८ पीएसआयपर्यंत उतरतात. नेहमीच्या रिमवर १२च्या खाली गेले की स्टिअरिंग झटक्यात वळवण्याची सोय राहत नाही, कारण टायर तिथेच रिमवरून उतरतो. ज्यांना त्याहून खाली जायचे असते ते बीडलॉक रिम वापरतात. यात बाहेरची बीड रिमच्या कडेवर ठेवून वरून एक जाड कडे बोल्टांच्या माळेने आवळतात, म्हणजे हवा नसली तरी टायर पकडलेला राहतो. हे बोल्ट ढिले होतात, त्यामुळे ते ठरावीक काळाने पुन्हा आवळावे लागतात. हौशी मंडळी नेमके हेच विसरतात. ट्यूबलेस टायरमध्ये ट्यूब टाकण्याची जुनी युक्ती कमी हवेत घातक ठरते. टायर रिमवर फिरतो, ट्यूब मात्र व्हॉल्व्हपाशी अडकलेली असते आणि ती तिथेच फाटते.

मराठी वाचकाला या प्रकारचा जवळचा नमुना गोव्यात मिळतो. मलेशियात १९९७ मध्ये सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंज या स्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ मध्ये ऐन पावसाळ्यात गोव्यात सुरू झाली. तिथला चिखल एकटा येत नाही, त्याखाली जांभ्याच्या कडा असतात. चिखलासाठी हवा कमी केली की साइडवॉल बाहेर फुगते, आणि ट्रेडपेक्षा (जमिनीला टेकणाऱ्या नक्षीदार पट्ट्यापेक्षा) कितीतरी पातळ असलेला तोच भाग जांभ्याला घासतो. उंच, विरळ ठोकळ्यांचे मड टायर चिखल झटकून टाकतात. पण साइड कटपासून वाचवते ती साइडवॉलमधल्या थरांची संख्या. टायर विकत घेताना ती विचारणारे गिऱ्हाईक फार थोडे.

जागेवरची दुरुस्ती

ट्रेडमध्ये खिळा किंवा टोकदार खडा घुसला असेल तर काम सोपे. टोच्याने भोक साफ करून डिंकाळलेली रबरी स्ट्रिप सुईने आत ओढायची, जादा टोक कापायचे, हवा भरायची. पाच-दहा मिनिटांचा खेळ. मोठ्या भोकात दोन-तीन स्ट्रिपा एकत्र घालतात. साइडवॉलवर हे काम टिकत नाही, कारण तो भाग प्रत्येक फेऱ्याला दुमडतो आणि उलगडतो. जंगलातून बाहेर पडण्यापुरते अनेक स्ट्रिपा ठासून हळू चालवता येते, पण त्या टायरवर पुन्हा शर्यत नाही. साइडवॉलला फुगा आला असेल तर आतल्या दोऱ्या तुटलेल्या असतात. हवा शाबूत असली तरी तो टायर बाद.

सुटलेली बीड परत बसवणे हे या क्षेत्रातले खरे कौशल्य. आधी रिमची पट्टी आणि टायरची कड यांतली माती, गवत काढून दोन्ही पुसायचे. हे न करता हवा भरणाऱ्याची बीड पुढच्याच वळणावर पुन्हा सुटते. मग कडेला साबणाचे पाणी लावायचे. छोट्या कॉम्प्रेसरची अडचण अशी की तो जेवढी हवा देतो तेवढी फटीतून निघून जाते. त्यासाठी व्हॉल्व्हमधली पिन काढतात, म्हणजे हवा मोकळी आणि जोरात शिरते. तरीही जमले नाही तर सामान बांधायचा रॅचेट पट्टा ट्रेडभोवती गुंडाळून आवळतात. ट्रेड दबला की दोन्ही कडा बाहेर पसरून रिमला टेकतात आणि हवा धरू लागते. टायर फुगू लागताच पट्टा सैल करायचा. बीड बसताना दोन ठणठणीत आवाज येतात, प्रत्येक बाजूचा एक. ४० पीएसआयपर्यंत आवाज आला नाही तर थांबावे, हवा काढून पुन्हा साबण लावावा. त्यावर जोर केल्यास बीडची तार तुटून टायर फुटू शकतो, आणि त्या वेळी हात सहसा जवळच असतात. आत ज्वालाग्राही द्रव फवारून पेटवण्याचा प्रकारही प्रसिद्ध आहे. आइसलँडसारख्या ठिकाणी मोठ्या टायरवर सरावलेले लोक तो करतात. प्रेक्षक, वाळलेले गवत आणि पेट्रोलचे कॅन आजूबाजूला असलेल्या हौशी तळावर त्याला जागा नाही.

बदलायचे की रेटायचे

मिनिटभराच्या फेरीत टायरची हवा गेली तर शेवटची रेषा गाठणे हाच शहाणपणा. रॅलीच्या लांब टप्प्यात हिशेब करावा लागतो. सरावलेली जोडी साधारण तीन मिनिटांत चाक बदलते असे धरले आणि हवा गेलेल्या टायरवर दर किलोमीटरला १५ सेकंद जातात असे मानले, तर १२ किलोमीटरवर दोन्ही पर्याय बरोबरीत येतात. त्याहून कमी अंतर उरले असेल तर रेटायचे. या हिशेबात सुटलेल्या ट्रेडच्या चिंध्या येत नाहीत. त्या मडगार्ड फोडतात आणि ब्रेकचा पाइप तोडू शकतात, आणि तीन मिनिटांच्या बदल्यात दोन दिवसांचे गॅरेजकाम पदरात येते. मातीत जॅक रुततो, म्हणून त्याखाली जाड फळी हवी. विरुद्ध बाजूच्या चाकाला दगड लावावा. नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळावेत आणि थोडे अंतर गेल्यावर पुन्हा तपासावेत, कारण घाईत बसवलेल्या चाकामागे मातीचा थर राहतो आणि तो दबला की नट सैल पडतात.

टायरचा प्रश्न फक्त हौशींचा आहे असेही नाही. डकार या वाळवंटी रॅलीत फोर-बाय-फोर गाड्यांच्या लहान टायरना होणाऱ्या पंक्चरांवरून तक्रारी वाढल्या, आणि २०२२ पासून टी-वन-प्लस या नव्या वर्गात ३७ इंची टायर आले.

उंची आणि तापमान

हवा मोजायचा गेज आतला आणि बाहेरचा दाब यांतला फरक दाखवतो. त्यामुळे डोंगर चढताना टायरला हात न लावताही आकडा बदलतो. १९९९ मध्ये सुरू झालेल्या रेड द हिमालय या रॅलीसारख्या मार्गांवर हे ठळकपणे दिसते. मनाली साधारण २,०५० मीटरवर, कुंझुम ला ही खिंड ४,५५० मीटरच्या आसपास. एवढ्या चढात बाहेरची हवा विरळ होऊन गेजवर तीन पीएसआयच्या आसपास वाढ दिसते. त्याच वेळी थंडी उलटे काम करते: तापमान दहा अंशांनी उतरले की दीड-दोन पीएसआय कमी होतात. म्हणून पहाटे तळावर भरलेली हवा खिंडीत तीच असेल असे गृहीत धरता येत नाही, आणि गरम टायर मोजून हवा काढणाऱ्याची सकाळी पंचाईत होते. नायट्रोजन भरल्याने हे टळते हा समज बळकट आहे. साध्या हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो. फायदा होतो तो मुख्यतः कोरडेपणाचा.

शर्यत संपल्यावर कमी हवेचा टायर तसाच महामार्गावर नेणे हा शेवटचा धोका. वाळूत चालणारा १५ पीएसआयचा टायर ताशी ८० किलोमीटरला सतत दुमडून तापतो आणि आतून थर सोडतो. तळ सोडण्यापूर्वी चारही चाकांत रस्त्याची हवा भरून घेतात. वाकलेल्या रिममधून ती झिरपते का, हे कडेला साबणाचे पाणी टाकून बुडबुड्यांवरून कळते.