आठवड्याची पुडी रोज घेतली तर

ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली की आपल्याकडे डॉक्टर बहुधा ६०,००० एककांची पुडी किंवा कॅप्सूल आठवड्यातून एकदा, साधारण आठ आठवडे घ्यायला सांगतात. प्रौढ माणसाची रोजची गरज सुमारे ६०० एककांची असते. म्हणजे त्या एका पुडीत शंभर दिवसांची बेगमी असते. दुधात ढवळून घ्यायची ही गोडसर भुकटी औषध वाटतच नाही, आणि त्यामुळे ती चुकून रोज घेतली जाते किंवा ठरलेला कालावधी संपल्यावरही महिनोन्महिने चालू राहते. विषबाधेच्या अनेक घटनांच्या मुळाशी हीच चूक असते.

उन्हातून मात्र हे जीवनसत्त्व कधीच अति होत नाही. त्वचेत ते पुरेसे तयार झाले की तेच ऊन त्याच्या पूर्वरूपाचे निरुपद्रवी संयुगांत रूपांतर करते. तोंडावाटे घेतलेल्या मात्रेला असा लगाम नाही. शिवाय हे जीवनसत्त्व पाण्यात नव्हे, चरबीत विरघळते. त्यामुळे जास्तीचा साठा लघवीवाटे निघून न जाता शरीरातील चरबीत मुरत राहतो.

खरा अपाय होतो तो कॅल्शियममुळे. ड जीवनसत्त्व आतड्यातून कॅल्शियम शोषून घ्यायला मदत करते, पण त्याची मात्रा प्रमाणाबाहेर गेली की हाडांतलेही कॅल्शियम रक्तात उतरू लागते, म्हणजे ज्या हाडांसाठी औषध सुरू केले त्यांचीच झीज होऊ लागते. भूक मंदावणे, मळमळ, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, थकवा ही सुरुवातीची लक्षणे इतकी सर्वसाधारण असतात की ती पित्ताच्या किंवा वयाच्या खात्यावर सहज टाकली जातात. वृद्ध व्यक्ती अचानक असंबद्ध बोलू लागली, तर घरच्यांना जीवनसत्त्वाच्या पुडीची आठवणही होत नाही. दरम्यान मूत्रपिंडांवर ताण वाढत जातो. मुतखडे होतात, मूत्रपिंडाच्या ऊतींत कॅल्शियम साचते आणि काहींच्या बाबतीत ती निकामी होण्यापर्यंत मजल जाते. हृदयाचे ठोकेही अनियमित होऊ शकतात.

विषबाधेची पातळी गाठली नाही, तरी मोठ्या मात्रेचा लाभ होतोच असे नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरी ओलांडलेल्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या एका चाचणीत काहींना वर्षातून एकदा ५ लाख एककांची मात्रा देण्यात आली. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, त्या स्त्रियांच्या पडण्याचे आणि हाडे मोडण्याचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढले होते.

वैद्यकीय देखरेखीशिवाय प्रौढांनी दिवसाला ४,००० एककांपलीकडे जाऊ नये, अशी मर्यादा सर्वसाधारणपणे मानली जाते. रक्तदाबासाठी थायाझाइड गटातील गोळ्या घेणाऱ्यांनी तर अधिकच जपायला हवे, कारण त्या गोळ्या लघवीवाटे जाणारे कॅल्शियम रोखतात. विषबाधा झाल्यास पुडी तात्काळ बंद करून शिरेवाटे सलाइन आणि गरजेनुसार कॅल्शियम उतरवणारी औषधे दिली जातात. पण चरबीतला साठा हळूहळूच रिता होत असल्याने रक्तातील कॅल्शियमवर कित्येक आठवडे, कधी काही महिनेही लक्ष ठेवावे लागते.