कुरसुरा: विशाखापट्टणमच्या वाळूवर विसावलेली पाणबुडी

विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर, रस्ता आणि समुद्र यांच्या मधोमध, ९१ मीटर लांबीची काळी पाणबुडी उभी आहे. आराकूच्या सहलीला गेलेली आपली मंडळी तिथे हमखास थांबतात आणि बरेच जण 'गाझी बुडवली ती हीच' असं समजून परततात. पाकिस्तानची गाझी ही पाणबुडी ३ आणि ४ डिसेंबर १९७१च्या मधल्या रात्री याच शहरासमोर बुडाली, हे खरं. पण आयएनएस कुरसुरा त्या वेळी देशाच्या दुसऱ्या अंगाला, अरबी समुद्रात होती. तिची कामगिरी निराळी आहे, आणि ती तिच्याच नावाने सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

स्वातंत्र्यानंतर जवळजवळ वीस वर्षं आपल्या नौदलाकडे स्वतःची एकही पाणबुडी नव्हती. ब्रिटनशी बोलणी जमली नाहीत, तेव्हा १९६५मध्ये सोव्हिएत संघाशी करार झाला. पहिली कलवरी ८ डिसेंबर १९६७ रोजी रिगा बंदरात नौदलात दाखल झाली. आपला पाणबुडी दिन त्या तारखेचा. पाठोपाठ खांदेरी आणि करंज आल्या. खांदेरी म्हटल्यावर आपल्याला थळसमोरचा शिवरायांचा जलदुर्ग आठवतोच. चौथी कुरसुरा, १८ डिसेंबर १९६९ची. सुएझ कालवा तेव्हा बंद होता, म्हणून १९७०मध्ये ती सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून, घानातलं ताकोराडी आणि मॉरिशस करत मायदेशी आली.

या जातीला नाटोने 'फॉक्सट्रॉट' नाव दिलं होतं. तीन डिझेल इंजिनं, तीन विजेच्या मोटारी, पाणी मागे लोटणारे तीन पंखे. डिझेलला हवा लागते, त्यामुळे पाण्याखाली सगळा भार बॅटऱ्यांवर. त्या उतरल्या की वर यायचं किंवा निदान हवा ओढणारी नळी पाण्याबाहेर काढायची, इंजिनं लावायची आणि बॅटऱ्या भरून घ्यायच्या. शत्रूला दिसण्याचा धोका नेमका याच वेळी. आत पाऊणशे माणसं, डिझेलचा वास, उकाडा आणि मोजून मिळणारं गोडं पाणी. एका कप्प्यातून दुसऱ्यात जायला गोल झडप आहे. आधी पाय टाकायचा, मग वाकून अंग आत घ्यायचं. धोक्याचा भोंगा वाजल्यावर काळोखात हे करणारी विशी-बाविशीची पोरं डोळ्यांसमोर आणा.

युद्धाला तोंड फुटण्याआधीच, नोव्हेंबर १९७१मध्ये, कुरसुरा अरबी समुद्रात गस्तीवर होती. हुकूम स्पष्ट होते: ठरलेले व्यापारी जलमार्ग ओलांडायचे नाहीत आणि लक्ष्याची खात्री पटल्याशिवाय किंवा खास आदेश आल्याशिवाय टॉर्पेडो सोडायचा नाही. महिनाअखेरीस तिने करंजला गाठून माहिती तिच्या हवाली केली आणि ४ डिसेंबरला ती मुंबईला परतली. एकही जहाज न बुडवता केलेली ही गस्त मला फार मोलाची वाटते. टॉर्पेडो भरलेले असताना दिवसेंदिवस हात आवरून, नजर रोखून बसायला वेगळीच छाती लागते.

पुढे तिच्या नशिबी वाईट दिवस आले. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात ती बंद पडून राहिली आणि तिचे सुटे भाग काढून बहिणींना बसवले गेले. अशी पोखरलेली पाणबुडी सहसा भंगारातच जाते. हिला मात्र १९८०मध्ये सोव्हिएत संघात नेलं, दुरुस्ती झाली, आणि १९८२मध्ये ती पुन्हा कामावर आली. त्यानंतर तब्बल एकोणीस वर्षं! सगळ्या कारकिर्दीत मिळून ७३,५०० सागरी मैलांचा प्रवास करून २७ फेब्रुवारी २००१ रोजी ती निवृत्त झाली.

तिला समुद्रातून ओढून वाळूवर आणणं आणि काँक्रीटच्या पायावर बसवणं हे मोठं जिकिरीचं काम होतं. ऑगस्ट २००२मध्ये संग्रहालय लोकांसाठी खुलं झालं. आत वाट दाखवायला नौदलातले निवृत्त लोक असतात. पाणबुडीच्या बाहेर आलात की समोरच समुद्र लागतो. गाझीचे अवशेष आजही तिथेच तळाशी आहेत.