डॉक्टर हू इन ॲन एक्सायटिंग ॲडव्हेंचर विथ द डालेक्स

ब्रिटिश लेखक डेव्हिड व्हिटेकर (१९२८–१९८०) यांची विज्ञानकादंबरी. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेवरील ही पहिली कादंबरी. (काळ आणि अवकाश यांत फिरणारा डॉक्टर हा मालिकेचा नायक, डालेक हे धातूच्या कवचातले त्याचे शत्रू.) लंडनच्या फ्रेडरिक म्युलर या प्रकाशनसंस्थेने ती १२ नोव्हेंबर १९६४ रोजी पुठ्ठा बांधणीत काढली. आतील चित्रे अरनॉल्ड श्वार्ट्झमन यांची आहेत. टेरी नेशन यांनी लिहिलेली सात भागांची मूळ कथा २१ डिसेंबर १९६३ ते १ फेब्रुवारी १९६४ या काळात दर शनिवारी प्रक्षेपित झाली होती. १९७३ पासून कादंबरी ‘डॉक्टर हू अँड द डालेक्स’ या आटोपशीर नावाने ओळखली जाते.

व्हिटेकर हे मालिकेचे पहिले कथासंपादक. नेशन यांच्या संहितेवर त्यांनी संपादक म्हणून हात फिरवला होता, आणि १९६४ च्याच उन्हाळ्यात निघालेल्या ‘द डालेक बुक’ या मुलांच्या सचित्र पुस्तकाचे ते नेशन यांच्यासह लेखक होते. म्हणजे डालेकांवरील पहिले पुस्तक ही कादंबरी नव्हे. हा मान त्या सचित्र पुस्तकाकडे जातो. कादंबरी बाजारात आली त्यानंतर नऊ दिवसांनी, २१ नोव्हेंबर १९६४ ला, डालेकांची दुसरी कथा पडद्यावर सुरू झाली. संपादक म्हणून व्हिटेकर यांनी हाताळलेल्या शेवटच्या कथांपैकी ती एक. त्यानंतर ते पद डेनिस स्पूनर यांच्याकडे गेले.

प्राथम्याचा प्रश्न : विज्ञानकथेच्या दूरचित्रवाणी मालिकेवरील पहिली कादंबरी असा या पुस्तकाचा उल्लेख अधूनमधून आढळतो. तो टिकत नाही. अमेरिकेत ‘टॉम कॉर्बेट, स्पेस कॅडेट’ या मालिकेवरील किशोरकादंबऱ्या १९५२ पासून निघत होत्या. ‘द ट्वायलाइट झोन’चे कर्ते रॉड सर्लिंग यांनी आपल्या संहितांवरून केलेल्या कथांचा संग्रह १९६० मध्ये आला, पण त्या सुट्या कथा असल्याने कादंबरीच्या वादात तो बसत नाही. ब्रिटनमध्ये नायजेल नील यांच्या ‘क्वाटरमास’ मालिकांच्या संहिता पेंग्विनने पुस्तकरूपाने छापल्या; त्याही कादंबऱ्या नव्हेत, नाट्यसंहिताच. खरा प्रतिस्पर्धी म्हणजे ‘ए फॉर अँड्रोमेडा’. बीबीसीच्या १९६१ च्या या मालिकेचे कादंबरीरूप फ्रेड हॉईल आणि जॉन एलियट यांनी स्वतःच १९६२ मध्ये सिद्ध केले. (हॉईल म्हणजे जयंत नारळीकर यांचे केंब्रिजमधील मार्गदर्शक खगोलशास्त्रज्ञ, मराठी वाचकाला ते बहुधा त्याच नात्याने परिचित असतात.) तेव्हा प्राथम्याचा दावा ‘डॉक्टर हू’पुरताच मर्यादित ठेवणे उचित. ‘स्टार ट्रेक’शी तुलना केली तर मात्र व्हिटेकर पुढे आहेत. त्या मालिकेवरील जेम्स ब्लिश यांचा पहिला कथासंग्रह १९६७ चा, मॅक रेनल्ड्स यांची किशोरकादंबरी १९६८ ची आणि ब्लिश यांची स्वतंत्र कादंबरी ‘स्पॉक मस्ट डाय!’ १९७० ची.

मूळ कथेचे नाव : कादंबरी ज्या कथेवर बेतली तिला नेमके काय म्हणावे, यावर अभ्यासकांत दीर्घकाळ मतभेद आहेत. त्या वर्षांत प्रत्येक भागाला स्वतंत्र शीर्षक असे. पहिला भाग ‘द डेड प्लॅनेट’, शेवटचा ‘द रेस्क्यू’. संपूर्ण कथेचे नाव पडद्यावर दाखवण्याची पद्धत १९६६ च्या ‘द सॅव्हेजेस’पासून पडली. बीबीसीच्या तत्कालीन कागदपत्रांत सात भागांच्या या कथेला ‘द म्युटंट्स’ म्हटलेले आहे, पण १९७२ मध्ये त्याच नावाची दुसरी कथा प्रक्षेपित झाल्याने हे नाव गैरसोयीचे ठरले. मालिकेच्या दशकपूर्तीनिमित्त १९७३ मध्ये ‘रेडिओ टाइम्स’ने विशेषांक काढला. त्यात जुन्या कथा पहिल्या भागाच्या नावाने नोंदवल्या गेल्या आणि ‘द डेड प्लॅनेट’ रूढ होऊ लागले. पुढे बीबीसीच्या ध्वनिचित्रफितींनी ‘द डालेक्स’ हे नाव पक्के केले. कागदपत्रांशी इमान राखायचे तर ‘द म्युटंट्स’ हेच नाव बरोबर आहे. प्रस्तुत नोंदीत ‘द डालेक्स’ स्वीकारले आहे ते केवळ ओळख पटावी म्हणून. म्युलरच्या आवृत्तीवर यांपैकी कोणतेच नाव नाही. प्रकाशकाला कथेचे शीर्षक सांगायचे नव्हते. डॉक्टर आणि डालेक हे दोन शब्द मुखपृष्ठावर एकत्र हवे होते.

कथानक : काळ आणि अवकाश यांत फिरणारे डॉक्टरचे ‘टार्डिस’ हे यान स्कारो या ग्रहावर उतरते. बाहेरून ते पोलिसांच्या निळ्या खोक्यासारखे दिसते. ग्रहावरचे जंगल जळून दगड झालेले असते आणि पलीकडे धातूचे निर्मनुष्य शहर दिसत असते. शहर पाहण्याच्या हट्टापायी यानातील एक पाऱ्याचा भाग बिघडल्याची बतावणी डॉक्टर करतो, आणि तो, त्याची नात सुझन आणि इअन व बार्बरा हे दोन सहप्रवासी असे सगळेच डालेकांच्या कैदेत पडतात. न्यूट्रॉन युद्धानंतर डालेक धातूच्या कवचांत शिरून जगले आहेत. शहराच्या धातूच्या जमिनीतून मिळणाऱ्या स्थितिक विजेवर त्यांची हालचाल चालते, त्यामुळे शहराबाहेर त्यांना पाऊल टाकता येत नाही. त्याच युद्धातून वाचलेले थाल लोक देखणे, शेती करणारे आणि शस्त्र न उचलण्याचा निर्धार केलेले. किरणोत्सारावरील थालांचे औषध डालेकांना मारक ठरते. आपल्याला किरणोत्सार हवाच आहे हे ध्यानात आल्यावर ते ग्रहभर पुन्हा विष पसरवायला निघतात. थालांना लढायला उभे करावे की नाही हा प्रश्न कादंबरीचा गाभा आहे, आणि त्याचे उत्तर लेखक सहज देत नाही. दुसऱ्या महायुद्धाला तेव्हा जेमतेम वीस वर्षे होत होती. शांततावादाची ही चर्चा तत्कालीन इंग्रज वाचकाला पुस्तकी वाटली नसावी.

नवा आरंभ : मूळ मालिकेशी सर्वांत मोठी फारकत पहिल्याच प्रकरणात आहे. पडद्यावर इअन चेस्टरटन आणि बार्बरा राइट हे कोल हिल शाळेतील शिक्षक. आपल्या सुझन फोरमन या विद्यार्थिनीमागून ते एका भंगारवाड्यात पोहोचतात आणि तेथे त्यांना टार्डिस सापडते. ही हकिकत ‘द डालेक्स’च्या आधीच्या, अँथनी कोबर्न यांनी लिहिलेल्या कथेत येते. व्हिटेकर यांनी ती सारी बाजूला ठेवली. कादंबरीचा इअन संशोधकाच्या नोकरीची मुलाखत वाया गेल्यामुळे मोटारीने परतत असतो. दाट धुक्यात, बार्न्स कॉमन या लंडनच्या मोकळ्या माळावर, अपघातातून सावरणारी बार्बरा त्याला भेटते. ती सुझनची खाजगी शिकवणी घेणारी. सुझनचे आडनावही बदलून ‘इंग्लिश’ झाले आहे. कोबर्न यांच्या कथेतील पाषाणयुगाच्या प्रवासाचा मागमूस राहत नाही आणि टार्डिस थेट स्कारोला पोहोचते.

हा बदल का झाला याची दोन स्पष्टीकरणे संभवतात. पहिले हक्कांचे. आरंभीची कथा कोबर्न यांची, कादंबरीचा करार नेशन यांच्या कथेचा. ‘फोरमन’ हे आडनाव भंगारवाड्याच्या फाटकावरील पाटीवरून आलेले, म्हणजे तेही कोबर्न यांच्या कथेतले. ते गाळले जाणे या मताला बळ देते. दुसरे स्पष्टीकरण रचनेचे. एकच पुस्तक विकत घेणाऱ्या वाचकाला त्याच पुस्तकात आरंभ मिळायला हवा. पीटर कुशिंग यांची भूमिका असलेल्या १९६५ च्या चित्रपटानेही शाळा आणि भंगारवाडा गाळून आपला वेगळा आरंभ रचला. हा दाखला मात्र दोन्ही बाजूंना वापरता येतो. रचनेचे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य वाटते, कारण बदल गाळण्यापुरता थांबत नाही. इअन आणि बार्बरा मुळात अनोळखी असल्यामुळेच त्यांच्यातील कुरबुर, मग विश्वास आणि शेवटी जवळीक हा धागा दहाही प्रकरणांतून ओवता आला आहे. पडद्यावरील दोन सहकाऱ्यांच्या सभ्य मैत्रीतून तो निघाला नसता. नुसती हक्कांची अडचण टाळायची असती तर दोघांना दुसऱ्या एखाद्या शाळेत नोकरी दिली असती तरी भागले असते.

या फारकतीचा परिणाम पुढे दिसला. या कादंबरीचे पुनर्मुद्रण केलेल्या टार्गेट प्रकाशनाने १९८१ मध्ये टेरन्स डिक्स यांनी केलेले कोबर्न यांच्या कथेचे कादंबरीरूप प्रसिद्ध केले, आणि एकाच ग्रंथमालेत एकमेकांशी न जुळणारे दोन आरंभ शेजारी उभे राहिले.

निवेदन : संपूर्ण कादंबरी इअनच्या तोंडून येते. प्रथमपुरुषी निवेदन ‘डॉक्टर हू’च्या कादंबऱ्यांत पुढेही विरळाच. त्याची किंमत अशी की इअन जेथे हजर नाही ते प्रसंग एक तर गळतात किंवा इतरांकडून त्याच्या कानी येतात. डालेकांच्या आपसांतील मसलती वाचकाला थेट ऐकता येत नाहीत. लाभ त्याहून मोठा आहे. डॉक्टर येथे गूढ, चिडखोर, कधी धोकादायक माणूस म्हणून बाहेरून दिसतो. त्याच्या मनात शिरण्याची सवलत लेखकाने घेतलेली नाही, आणि यानात अडकलेल्या माणसाची भीती खरी वाटते. इअनची भूमिका करणारे नट विल्यम रसेल यांनीच पुढे कादंबरीचे श्राव्य वाचन केले आहे.

पडद्यावर नसलेली आणखी एक गोष्ट म्हणजे अखेरीस समोर येणारा काचेच्या कवचातला डालेक. हा त्यांचा प्रमुख. धातूआडचा जीव मालिकेने जवळजवळ झाकूनच ठेवला होता. कादंबरी तो उघड दाखवते. रेमंड क्युसिक यांनी बीबीसीसाठी घडवलेले डालेकाचे बाह्यरूप जगभर पोहोचले होते, आणि छापील पानावर मांडणीच्या खर्चाचे बंधन नव्हते. १९८५ च्या ‘रेव्हलेशन ऑफ द डालेक्स’मध्ये पारदर्शक डालेक पडद्यावर आला. त्याचा दुवा या कादंबरीशी जोडला जातो, आणि ते संभाव्य आहे. चौथ्या प्रकरणाचे ‘द पॉवर ऑफ द डालेक्स’ हे नाव तर व्हिटेकर यांच्या १९६६ च्या दूरचित्रवाणी कथेला जसेच्या तसे मिळाले.

आवृत्त्या : १९६५ मध्ये आर्माडाची कागदी बांधणीची आवृत्ती निघाली, १९६७ मध्ये अमेरिकेत एव्हनची. म्युलरने आणखी दोनच कादंबऱ्या काढल्या : बिल स्ट्रटन यांची ‘डॉक्टर हू अँड द झारबी’ (१९६५) आणि व्हिटेकर यांची ‘डॉक्टर हू अँड द क्रुसेडर्स’ (१९६५–६६, छापील वर्ष आणि विक्रीची तारीख यांत फरक दिसतो). मे १९७३ मध्ये टार्गेटने या तिन्ही पुस्तकांचे पुनर्मुद्रण ख्रिस ॲकिलिओस यांच्या मुखपृष्ठांसह केले आणि जानेवारी १९७४ पासून स्वतःची नवी कादंबरीमाला सुरू केली. ही माला पुढे दीडशेहून अधिक पुस्तकांपर्यंत गेली. घरी फीत लावून मालिका पाहण्याची सोय तेव्हा नव्हती आणि पुनःप्रक्षेपणही क्वचित होई. ब्रिटनमधील एका पिढीला जुना ‘डॉक्टर हू’ भेटला तो टार्गेटच्या पुस्तकांतून. २०११ मध्ये बीबीसी बुक्सने नील गेमन यांच्या प्रस्तावनेसह ही कादंबरी पुन्हा प्रसिद्ध केली. व्हिटेकर १९८० मध्ये वारले, तेव्हा ते ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ या आपल्याच कथेच्या कादंबरीरूपावर काम करत होते. त्या कथेचे कादंबरीरूप पुढे इअन मार्टर यांनी स्वतंत्रपणे केले; ते १९८१ मध्ये आले.

‘क्रुसेडर्स’ ज्या चार भागांवर बेतली त्यांतील दोन भागांची चित्रफीत आज उपलब्ध नाही, म्हणून तिच्याकडे हरवलेल्या कथेचा आधार म्हणूनही पाहिले जाते. ‘द डालेक्स’चे सातही भाग सुरक्षित आहेत, १९८९ मध्ये त्यांची ध्वनिचित्रफीत निघाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये रंग भरलेली संक्षिप्त आवृत्ती प्रक्षेपित झाली. त्यामुळे या कादंबरीचा अभ्यास मूळ भाग शेजारी ठेवून, प्रसंग प्रसंगाशी ताडून करता येतो.