सहा सेकंदांपर्यंत सॅम्पल फुकट?

गोव्यात हणजुण-वागातोरकडे टेक्नो वाजवणाऱ्या आपल्या पोरांत एक समज वर्षानुवर्षं पक्का आहे: दुसऱ्याच्या गाण्यातला सहा सेकंदांपेक्षा छोटा तुकडा, म्हणजे सॅम्पल, बिनधास्त उचलावा. कोणी सात सांगतो, कोणी तीस. आकडा एक नाही, यातच काय ते समजा.

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सेकंदांची अशी कुठलीच सूट नाही. युरोपात तर क्राफ्टवर्क या जर्मन बँडच्या १९७७ च्या ‘मेटाल आउफ मेटाल’मधून दुसऱ्याने उचललेल्या जेमतेम दोन सेकंदांच्या तालावरून वर्षानुवर्षं खटला चालला. २०१९ मध्ये युरोपीय न्यायालयाने सांगितलं की, तुकडा कितीही छोटा असो, परवानगी हवी; मात्र कानाला ओळखूच येणार नाही इतका बदलला असेल तर गोष्ट वेगळी. हा निकाल तिकडचा, आपल्याला बंधनकारक नाही.

खरं तर डार्क इंडस्ट्रियल टेक्नोला, म्हणजे कारखान्यासारख्या खडखडाटी, काळोख्या टेक्नोला, उसन्या गाण्यांची गरजच काय? बेतीच्या धक्क्यावर फेरीबोटीची लोखंडी फळी आपटते, तो आवाज मोबाइलवर घ्या. दोन सप्तकं खाली उतरवा, डिस्टॉर्शन (आवाज फाटका, खरखरीत करणारा इफेक्ट) चढवा, लांबलचक रिव्हर्ब (घुमत राहणारा पडसाद) द्या आणि फक्त शेवटी उरणारा घुमारा कापून घेऊन किकच्या, म्हणजे ड्रमच्या मुख्य ठोक्याच्या, मागे ठेवा. फेरीबोट कोणाला ऐकूही येणार नाही, पण छातीत धडधड होईल. शिवाय रेकॉर्डिंग तुमचंच.

चवथीच्या आरतीत वाजणारं घुमट हे मातीचं तालवाद्य रेकॉर्ड करून घेणार असाल, तर मात्र वाजवणाऱ्याला आधी विचारा. कलाकाराचे हक्क कायद्यात वेगळे आहेत.