वाघाला कुठं माहीत आहे?

माझी भाची पाच वर्षांची. मागच्या पावसाळ्यात तिच्या शाळेतून एक कागद घरी आला. त्यावर चार चौकटी होत्या: पात्रे, स्थळ, समस्या, उपाय. माहितीतली एखादी गोष्ट घ्यायची आणि पालकांच्या मदतीनं चौकटी भरायच्या. आम्ही काऊ-चिऊची गोष्ट घेतली. पात्रांच्या चौकटीत तिनं काऊ काढला, चिऊ काढली. स्थळाच्या चौकटीत दोन घरं आली, एक शेणाचं आणि एक मेणाचं. तिसऱ्या चौकटीपाशी गाडी अडली.

"समस्या म्हणजे काय गं मावशी?"

"म्हणजे गोष्टीत काय अडचण आली?"

"पाऊस आला."

"बरं, मग अडचण कुणाची झाली?"

तिनं खडू गालाला लावला, जरा विचार केला आणि म्हणाली, "पावसाची?"

आम्ही सगळे हसलो. नंतर वाटलं, हिचं फारसं काही चुकलेलं नाही. पाऊस येणं ही नुसती घटना आहे. तिची अडचण कधी होते? कुणाला तरी काहीतरी हवं असतं आणि पाऊस त्याच्या आड येतो, तेव्हा. काऊला कोरडं राहायचंय, हे लक्षात घेतल्याशिवाय तिसरी चौकट भरताच येत नाही. आणि काऊला काय हवंय, त्याला काय वाटतंय, यासाठी त्या कागदावर जागाच ठेवलेली नव्हती.

या चौकटींचं मूळ 1970च्या दशकात अमेरिकेत झालेल्या मानसशास्त्राच्या कामात सापडतं. वाक्याला व्याकरण असतं तसं गोष्टीलाही असतं का, असा प्रश्न तेव्हा काही संशोधकांनी घेतला होता. 1977 साली जीन मँडलर आणि नॅन्सी जॉन्सन यांनी, तर 1979 साली नॅन्सी स्टाइन आणि क्रिस्टीन ग्लेन यांनी गोष्टीचे सांधे सोडवून दाखवले. स्टाइन-ग्लेन यांची मांडणी काऊच्या गोष्टीला लावली तर ती अशी दिसेल: एक होता काऊ, त्याचं घर शेणाचं (सुरुवात). मोठा पाऊस आला, घर वाहून गेलं (घटना). काऊ कुडकुडला, त्याला निवारा हवासा झाला (मनातलं). तो चिऊच्या दारी गेला (प्रयत्न). चिऊ दार उघडेना (परिणाम). काऊ हिरमुसला (शेवटी काय वाटलं).

मग त्यांनी पहिलीतल्या आणि पाचवीतल्या मुलांना गोष्टी ऐकवल्या आणि परत सांगायला लावल्या. कोण होतं, काय झालं आणि शेवटी काय निघालं, एवढं लहान मुलांनाही छान आठवत होतं. गळत होतं ते मनातलं. पाचवीतली मुलं ते बऱ्यापैकी सांगत होती. थोडक्यात, सांगाडा मुलांकडे असतोच. 'एक होता' म्हटल्याबरोबर पुढं काहीतरी बिघडणार, हे त्यांना ऐकून ऐकून ठाऊक झालेलं असतं. ज्याच्यासाठी मोठ्यांची मदत लागते तो नेमका एकच सांधा आहे, आणि चार चौकटींच्या कागदातून तोच गायब झालाय.

असाच प्रकार वेगळ्या वाटेनंही दिसला. एका मुलाचा पाळलेला बेडूक बरणीतून पळून जातो आणि मुलगा नि त्याचा कुत्रा त्याला शोधत रानोमाळ हिंडतात, असं 24 चित्रांचं एक बिनशब्दांचं पुस्तक आहे. रूथ बर्मन आणि डॅन स्लोबिन यांनी ते इंग्रजी, जर्मन, स्पॅनिश, हिब्रू आणि तुर्की अशा पाच भाषांतल्या मुलांकडून सांगून घेतलं आणि 1994 साली त्याचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांची मुलं पान उलटतात आणि चित्र सांगतात: हा मुलगा, हा कुत्रा, हे झाड. पाच वर्षांची मुलं एका घटनेला दुसरी जोडायला लागतात. पण मुलगा झाडावर का चढला? बेडूक शोधायला. हा 'शोधायला' सगळ्या गोष्टीतून दोऱ्यासारखा ओवायचं काम नऊ वर्षांच्या मुलांना जमतं. भाषा कुठलीही असो, चढण साधारण हीच.

आमच्याकडचा धाकटा, म्हणजे भाचीचा भाऊ, तीन वर्षांचा आहे. त्याची काऊ-चिऊ अशी असते: "काऊचं घर गेलं. मग चिऊ. मग दार. मग बाळ. मग संपली." हा 'मग' मोठा फसवा शब्द आहे. 'मग' म्हणजे त्यानंतर, आणि 'मग' म्हणजे त्यामुळेसुद्धा. पोरानं नक्की काय जोडलं ते कळत नाही. 'म्हणून' आला की मात्र शंका उरत नाही. ज्या प्रसंगाला इतर प्रसंगांशी कारणाचे धागे जास्त, तो जास्त लक्षात राहतो, हे टॉम ट्रबासो आणि पॉल व्हॅन डेन ब्रूक यांनी 1985 साली दाखवलं. तेव्हा गोष्ट लक्षात राहायची तर पोराचे 'मग' हळूहळू 'म्हणून' व्हायला हवेत.

आता यात एक गंमत आहे. दुसऱ्याला काहीतरी हवं असतं हे कळायला पाच वर्षं लागत नाहीत. 1998 साली अमांडा वुडवर्ड यांनी सहा महिन्यांच्या बाळांना एक हात दोनपैकी एक खेळणं पुन्हा पुन्हा धरताना दाखवला. मग खेळण्यांच्या जागा बदलल्या. हात जुन्याच जागी जाऊन दुसरं खेळणं धरतो आहे असं दिसलं, तेव्हा बाळं जास्त वेळ टक लावून बघत राहिली. नव्या जागी जाऊन आधीचंच खेळणं धरलं, तर तितकी नाही. म्हणजे या हाताला अमुक खेळणं हवंय अशी काहीतरी खूणगाठ अर्ध्या वर्षाच्या बाळानंही बांधलेली असते. कळणं आणि शब्दांत सांगणं यांत मात्र बरंच अंतर असतं. आणि 'हवंय' कळणं सोपं, 'वाटतंय' कळणं अवघड. विशेषतः दुसऱ्याला वाटतंय ते खोटं असेल तेव्हा.

हे तपासणारा प्रयोग 1983 साली हाइन्झ विमर आणि योझेफ पेर्नर या ऑस्ट्रियातल्या जोडीनं केला. मॅक्सी नावाचा मुलगा निळ्या कपाटात चॉकलेट ठेवतो आणि खेळायला जातो. त्याच्या मागे आई ते हिरव्या कपाटात ठेवते. मॅक्सी परत आल्यावर चॉकलेट कुठं शोधेल? तीन ते चार वर्षांचं एकही मूल पूर्ण बरोबर आलं नाही. चॉकलेट हिरव्यात आहे ना, मग तो हिरव्यातच बघणार! चार ते सहा वर्षांच्या गटात 57 टक्के आणि सहा ते नऊच्या गटात 86 टक्के मुलांनी बरोबर सांगितलं.

हे वाचताना मला भोपळा आठवला. मॅक्सीच्या कितीतरी आधीपासून आपल्या आज्या हाच प्रयोग रोज रात्री करत आल्या आहेत. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत वाघ अडवतो. ती म्हणते, लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होऊन येईन, मग मला खा. परतताना लेक तिला भोपळ्यात बसवून देते. वाघ विचारतो, म्हातारीला पाहिलंस का? आणि आतून आवाज येतो, "म्हातारी-बितारी मला नाही माहीत, चल रे भोपळ्या टुणुक टुणुक!"

पुढच्या रविवारी दोघांना घेऊन बसले. स्वयंपाकघरातला तांब्या भोपळा झाला, आत चिंचोका टाकला, ती म्हातारी. तांब्या फरशीवर टुणुक टुणुक करत वाघापाशी, म्हणजे माझ्या गुडघ्यापाशी, आला. मी थांबले.

"भोपळ्यात काय आहे असं वाघाला वाटतंय?"

"म्हातारी!" धाकटा ओरडला. त्यानं स्वतःच्या हातानं चिंचोका आत टाकला होता.

"वेड्या, वाघाला कुठं माहीत आहे?" ताई म्हणाली. "त्याला वाटतंय नुसता भोपळाच आहे. म्हणून तो तिला खात नाही."

'वाटतंय' आणि 'म्हणून', एका दमात. धाकट्याला काही पटलं नाही. त्यानं तांब्या उलटा करून वाघाला म्हातारी दाखवली आणि गोष्ट तिथंच संपवली.

एवढं सगळं एका प्रश्नानं झालं. गोष्ट सलग न वाचता मध्ये थांबून मुलाला बोलतं करायचं, या पद्धतीची 1988 साली ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कजवळ परीक्षा घेतली. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी एवढंच शिकवलं: हो-नाही उत्तराचे प्रश्न कमी करा, उघडे प्रश्न विचारा, मूल बोललं की त्यात थोडी भर घाला. दुसऱ्या गटातले पालकही तितक्याच वेळा वाचत होते, फक्त नेहमीसारखं. महिन्याभरात पहिल्या गटातली मुलं बोलण्यात पुढं गेली. नऊ महिन्यांनी पाहिलं तेव्हाही ती पुढंच होती, अंतर थोडं कमी झालं होतं. आपल्याकडे ऐकणाऱ्यानं हुंकार दिल्याशिवाय आजी पुढचं वाक्य सांगत नसे. तेही मुलाला गोष्टीत ओढण्याचंच काम, पण 'हं' म्हणण्यापेक्षा 'का' विचारल्यावर पोराला जास्त डोकं चालवावं लागतं.

आणि तात्पर्य? मला विचाराल तर गोष्ट संपल्या संपल्या तात्पर्य विचारण्याची आपली सवय या वयात निरुपयोगी आहे. शेवटच्या ओळीत शिरण्याआधी पोराला वाघाच्या डोक्यात शिरू द्यावं. पात्रे, स्थळ ही नावं आठव्या-नवव्या वर्षी आली तरी काही बिघडत नाही. तोवर 'त्याला काय हवंय?', 'आता त्याला काय वाटत असेल?', 'म्हणून त्यानं काय केलं?' एवढे तीन प्रश्न पुरतात. तेही एका गोष्टीत दोन-तीनदाच. दर वाक्याला अडवलं तर मूल उठून निघून जातं, आणि ते बरोबरच करतं.

कागद सोमवारी द्यायचा होता. रविवारी रात्री भाचीनं तो स्वतःहून काढला. समस्येच्या चौकटीत भिजलेला काऊ आला. "त्याला झोपायचंय आणि घरच नाहीये." उपायाच्या चौकटीत तिनं चिऊचं दार काढलं, बंद.

"अगं, हा उपाय कसा?"

"हा चिऊचा उपाय आहे. तिला वाटतंय काऊ आत आला की सगळं घर ओलं करणार."

कागद तपासून परत आला तेव्हा बंद दाराशेजारी लाल शाईत प्रश्नचिन्ह होतं.

"बाईंना कुठं माहीत आहे चिऊला काय वाटतंय ते," भाची म्हणाली आणि खडू शोधायला गेली.