‘मुशिशी’च्या आधीचे मुशी

‘मुशिशी’ ही जपानी अ‍ॅनिमे मालिका पाहिलेली माणसं बहुधा तिच्या शांतपणाबद्दलच बोलतात. पांढऱ्या केसांचा, एका हिरव्या डोळ्याचा गिंको पाठीवर लाकडी पेटी घेऊन गावोगाव हिंडतो. कुणाला काही विचित्र दुखणं जडलेलं असतं. त्यामागचा ‘मुशी’, म्हणजे डोळ्याला सहसा न दिसणारा किड्यासारखा जीव, तो शोधतो, जमेल तो उपाय करतो आणि वाटेला लागतो. खलनायक नाही, लढाई नाही, एका भागाचं पुढच्याशी फारसं देणंघेणं नाही. हा सूर मूळ चित्रकथा काढणाऱ्या युकी उरुशिबारा यांचा. पण मुशी त्यांच्या कितीतरी आधीपासून जपानी माणसाच्या पोटात मुक्कामाला होते. अगदी शब्दशः पोटात.

१५६८ साली सेत्सु प्रांतात, म्हणजे आजच्या ओसाकाच्या परिसरात, सुया टोचून करायच्या उपचारांवर ‘हारिकिकिगाकी’ नावाचा ग्रंथ लिहिला गेला. त्यात शरीरात राहून रोग घडवणाऱ्या ६३ मुशींची रंगीत चित्रं आहेत. काही किड्यासारखे, काही सापासारखे, एखादा चक्क घोड्यासारखा. कोण कुठल्या अवयवात राहतो, काय त्रास देतो, कशाने हटतो, सगळं नोंदवलेलं. ग्रंथ आता दाझाइफूच्या क्यूशू राष्ट्रीय संग्रहालयात आहे. चित्रं इतकी गमतीदार आहेत की रोगाची भीती वाटण्याऐवजी रोगाशी ओळख करून घ्यावीशी वाटते.

याच्या जोडीला चीनहून आलेली कोशिनची समजूत होती. माणसाच्या अंगात तीन मुशी असतात. दर साठाव्या रात्री तो झोपला की ते बाहेर पडतात आणि त्याच्या पापांची चुगली स्वर्गात करून येतात. उपाय सोपा: त्या रात्री झोपायचंच नाही. एदो काळात (१६०३ ते १८६८) गावंच्या गावं एकत्र जमून, खात-पीत, गप्पा मारत ही रात्र जागवत. त्या मंडळींनी उभारलेले कोशिनचे दगड जुन्या रस्त्यांच्या कडेला अजून दिसतात. लहान मूल रात्री किरकिर करू लागलं की तो दोषही मुशीच्याच माथी, आणि त्याच्या बंदोबस्तासाठी देवळात विधी.

१८६८ नंतरच्या मेइजी राजवटीने हे सगळं मोडीत काढलं. १८७४च्या नियमांनी पाश्चात्त्य वैद्यक अधिकृत ठरवलं आणि मुशी हळूहळू वैद्यकातून बाहेर पडून फक्त बोलीत उरले. उरुशिबारांनी कथांचा काळ कुठला निवडावा? एदो आणि मेइजी यांच्या मधला, प्रत्यक्षात नसलेला एक काळ. डॉक्टर गावात पोचण्याआधीचा, गिंकोसारख्या फिरत्या वैदूला काम मिळेल असा.

त्यांचे मुशी मात्र त्या ६३ जणांत बसत नाहीत. ते ना प्राणी, ना वनस्पती. सजीवाच्या अगदी मुळाशी असलेलं काहीतरी. जुन्या ग्रंथात मुशी म्हणजे घालवून द्यायची ब्याद. इथे तो आपलं जगणं जगतो आणि माणूस त्याच्या वाटेत येतो. माझ्या मते मालिकेचा सौम्यपणा या एका बदलातून आला आहे, धुक्यातल्या डोंगरांतून नव्हे. तिसऱ्या भागात बर्फाने वेढलेल्या गावातल्या लोकांना ऐकू येईनासं होतं, कारण आवाज खाणारे मुशी त्यांच्या कानात शिरलेत. एका मुलाच्या कपाळावर तर शिंगं उगवलीत. त्याच्या कानात शांतता खाणारा मुशी आहे. यात दोषी कोण? कुणीच नाही.

सांगण्याच्या पद्धतीलाही पूर्वज आहेत. १९१० साली लोककथांचे अभ्यासक कुनिओ यानागिता यांनी तोनो या डोंगराळ भागातल्या ११९ गोष्टी आणि हकिगती छापल्या. सांगणारा त्याच भागातला किझेन सासाकी. अमक्या गावात अमक्याला असं दिसलं, एवढंच सांगून बऱ्याच नोंदी थांबतात. तात्पर्य नाही, खुलासा नाही. ‘मुशिशी’चे कितीतरी भाग असेच संपतात.

चित्रकथा १९९९ ते २००८ या काळात कोदान्शा या प्रकाशनाच्या ‘आफ्टरनून’ परिवारातल्या मासिकांत आली आणि दहा खंडांत पुरी झाली. आर्टलँड स्टुडिओने तिची मालिका केली, दिग्दर्शक हिरोशी नागाहामा. ऑक्टोबर २००५पासून फुजी टीव्हीवर मध्यरात्रीनंतर वीस भाग लागले, उरलेले सहा २००६मध्ये उपग्रह वाहिनीवर. संगीत तोशिओ मासुदा यांचं. दर भागाच्या शेवटी ठरलेलं गाणं नाही, त्या त्या गोष्टीची वेगळी धून. बजेटवाल्यांना हे कसं पटवलं असेल कोण जाणे. ‘अकिरा’वाले दिग्दर्शक कात्सुहिरो ओतोमो यांनी जिवंत नटांना घेऊन केलेला चित्रपट २००६मध्ये व्हेनिस चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेत होता. तो जरा जड वाटतो.

दुसरी मालिका यायला २०१४ उजाडलं. मधल्या काळात, २०१२मध्ये, आर्टलँडचे संस्थापक नोबोरु इशिगुरो वारले होते. नागाहामा, मासुदा आणि गिंकोचा आवाज मात्र तेच राहिले. प्रत्येक गोष्ट स्वतंत्र असल्यामुळे आठ वर्षांच्या खंडाने काही बिघडलं नाही, मागचं आठवावं लागलं नाही. चित्रकथेतली शेवटची गोष्ट मे २०१५मध्ये चित्रपटगृहात लागली.