शेअरपॉइंटचे क्लायंट प्रोग्रॅम : सर्व्हरबाहेर आलेल्या कोडची पार्श्वभूमी

वाळूजमधल्या सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या तपासणी-नोंदी शेअरपॉइंट या, संस्थेतली कागदपत्रे आणि नोंदी एकत्र ठेवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या सॉफ्टवेअरमधल्या लिस्टमधून (म्हणजे नोंदींच्या तक्त्यातून) वाचणारा प्रोग्रॅम आम्ही तपासत होतो, तेव्हा एका तरुण सहकाऱ्याने विचारले की, कोडमध्ये ‘लोड’ लिहूनही पुढच्याच ओळीत लिस्टचे नाव वाचायला गेले की चूक का दाखवली जाते. या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे.

शेअरपॉइंट २००१ साली बाजारात आले आणि पुढची अनेक वर्षे त्याच्याशी सविस्तर बोलू शकणारा कोड त्याच सर्व्हरवर चालवावा लागे, कारण सर्व्हर ऑब्जेक्ट मॉडेल, म्हणजे शेअरपॉइंटमधली माहिती कोडमधून हाताळण्याची साधने, दुसऱ्या संगणकावरून वापरताच येत नव्हते. बाहेरून यायचे तर लिस्ट्स डॉट एएसएमएक्ससारख्या वेब सर्व्हिसेस होत्या. त्यांत एक्सएमएलवर (खुणांच्या साह्याने माहिती मांडण्याच्या पद्धतीवर) बेतलेल्या कॅमल भाषेत प्रश्न लिहायचा आणि आलेल्या एक्सएमएलमधून हवी ती माहिती स्वतः वेचून काढायची, असे हे किचकट काम होते. त्यामुळे साध्या कामासाठीही सर्व्हरवर कोड बसवण्याकडेच कल राहिला.

२०१० च्या आवृत्तीने डॉटनेट, सिल्व्हरलाइट आणि जावास्क्रिप्ट अशा प्रोग्रॅम लिहिण्याच्या तिन्ही मार्गांसाठी क्लायंट ऑब्जेक्ट मॉडेल दिले, म्हणजे सर्व्हरबाहेरच्या संगणकावरून (क्लायंटकडून) वापरता येणारी तशीच साधने. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय त्यातच आहे : ‘लोड’ म्हणजे फक्त मागणी नोंदवणे, आणि साठलेल्या सगळ्या मागण्या ‘एक्झिक्यूटक्वेरी’ने एकदमच सर्व्हरकडे पाठवणे. तालुक्याला निघालेला माणूस गल्लीतल्या चार घरांची कामे विचारून घेतो आणि एकाच फेरीत उरकून येतो, तसेच हे आहे. मागण्या एक्सएमएलच्या रूपात जातात, उत्तर जेसन या माहिती मांडण्याच्या दुसऱ्या पद्धतीत येते, आणि फेरी पूर्ण होईपर्यंत मागवलेली वस्तू (ऑब्जेक्ट) रिकामीच असते; म्हणून ‘लोड’नंतर लगेच नाव वाचले की चूक दाखवली जाते. आमच्या प्रोग्रॅममध्ये तर ‘एक्झिक्यूटक्वेरी’ लूपच्या आत होती, म्हणजे प्रत्येक नोंदीसाठी वेगळी फेरी. ती ओळ लूपबाहेर काढली आणि संथ लाइनवरचे रखडणे थांबले.

२०११ मध्ये ऑफिस ३६५ ही मायक्रोसॉफ्टच्याच सर्व्हरवरून इंटरनेटद्वारे मिळणारी सेवा आली. सर्व्हर आपल्या हातात नसल्यामुळे त्यावर आपला कोड बसवण्याची वाट बंद होत गेली आणि क्लायंटकडून बोलणे हाच मुख्य मार्ग ठरला. २०१३ च्या आवृत्तीत रेस्ट पद्धत (साध्या वेब पत्त्यांवरून माहिती मागवण्याची) विस्तारली, २०१७ मध्ये ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडसाठी शेअरपॉइंट फ्रेमवर्क खुले झाले, आणि मायक्रोसॉफ्ट ग्राफ या, मायक्रोसॉफ्टच्या सेवांतली माहिती मागवण्याच्या सामाईक मार्गातूनही लिस्ट वाचता येऊ लागल्या.

या सगळ्या बदलांतून एक मर्यादा मात्र २०१० पासून टिकून आहे : एका प्रश्नासाठी साधारण ५,००० पेक्षा जास्त नोंदी चाळाव्या लागणार असतील, तर सर्व्हर तो प्रश्न नाकारतो. म्हणून तपासणीच्या तारखेचा कॉलम आधीच इंडेक्स करावा (म्हणजे सगळ्या नोंदी न चाळता शोधता येईल अशी त्याची सूची करून ठेवावी) आणि नोंदी टप्प्याटप्प्याने, मागच्या टप्प्याची खूण पुढच्या मागणीला जोडून आणाव्यात.